डिकीवरचा बिल्ला आणि आरसीतला आकडा

मागच्या महिन्यात मामेभावाचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, पठ्ठ्या गाडी बघून आलाय. "दादा, ऑक्टाव्हिया आरएस. पांढरी, एमएच बारा पासिंग, सेकंड ओनर. भाव ऐकशील तर उडशील." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर अकरा फोटो. काळी जाळी, लाल ब्रेक कॅलिपर, मागे दोन एक्झॉस्ट, डिकीवर आरएसचा बिल्ला. मी बारावा फोटो मागितला, आरसीचा. तो दुसऱ्या दिवशी आला, अर्धं कार्ड कोणाच्या तरी अंगठ्याखाली झाकलेलं. पण सीसीचा रकाना दिसत होता: १७९८.

तिथेच विषय संपला. आरएस म्हणजे स्कोडाच्या ऑक्टाव्हियाची जोरकस आवृत्ती. स्कोडाने २०१७ मध्ये भारतात आणलेल्या ऑक्टाव्हिया आरएस २३० मध्ये दोन लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, नेमकं सांगायचं तर १९८४ सीसी. १७९८ सीसी म्हणजे साधी १.८ टीएसआय, १.८ लिटर पेट्रोल इंजिनाची ऑक्टाव्हिया. ती काही वाईट गाडी नव्हे, १८० पीएस ताकद आहे तिच्यात. पण ती आरएस नाही, आणि भाव आरएसचा लावला होता. थोडा उतरवून लावला होता, म्हणून भावाला लॉटरी लागल्यासारखं वाटत होतं.

जोरकस गाड्यांच्या जुन्या बाजारात हा प्रकार नेहमीचा आहे आणि त्याचं कारण सोपं आहे. कंपन्या अशा गाड्यांसाठी सहसा वेगळा पत्रा बनवत नाहीत. ऑक्टाव्हिया आणि ऑक्टाव्हिया आरएस यांचा सांगाडा, दारं, छत एकच. पैसा जातो तो आतल्या गोष्टींत: इंजिन, गिअरबॉक्स, मोठे ब्रेक, सस्पेन्शन. बाहेरून दिसणारा फरक म्हणजे बंपर, जाळी, चाकं आणि बिल्ला, आणि हे सगळं ऑनलाइन मिळतं. लाल कॅलिपर तर स्प्रेच्या डब्यातून निघतात. महाग ते आत दडलेलं आणि स्वस्त ते बाहेर दिसणारं, अशी रचना असल्यावर नक्कल होणारच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. साध्या गाडीला आरएसचा साज चढवणं हा गुन्हा नाही, हौस आहे. कितीतरी साध्या मित्सुबिशी लॅन्सर गाड्या इव्होचा, म्हणजे लॅन्सरच्या जोरकस आवृत्तीचा, बंपर आणि मागचा उंच स्पॉयलर लावून आपल्या रस्त्यांवर फिरल्या, आणि त्यांच्या मालकांनी कधी ती इव्हो असल्याचा दावा केला नाही. भानगड सुरू होते ती विकताना, तिसऱ्या-चौथ्या हातात गेल्यावर. पहिल्या मालकाने हौसेने लावलेला बिल्ला चौथ्या मालकासाठी पुरावा होऊन बसतो.

सीसी, दारं आणि गिअर

पहिली तपासणी घरी बसून होते. आरसीवर, किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की, इंधन, नोंदणीची तारीख, उत्पादक आणि मॉडेलचं नाव कळतं. सीसीसाठी आरसीचा स्वच्छ फोटो मागवा. आपण विकत घेतोय त्या मॉडेलचा सीसी किती, हे आधी पाठ करून ठेवायचं. ऑक्टाव्हियाचं सांगायचं तर १.४ टीएसआय १३९५, १.८ टीएसआय १७९८, डिझेल १९६८ आणि आरएस २३० व २४५ दोन्ही १९८४.

गिअरबॉक्सही बोलतो. आरएस २३० ला सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे, तर साध्या १.८ ला सात गिअरचा. म्हणजे इथे कमी गिअर असलेली गाडी खरी! ड्राइव्हवर नेताना मॅन्युअल मोडमध्ये टाकून मोजा. सातवा गिअर पडला तर ती आरएस २३० नाही. (२०२० मध्ये थेट आयात होऊन आलेल्या २०० आरएस २४५ गाड्यांना मात्र सात गिअर आहेत, तेव्हा आधी कोणती आरएस ते विचारा.)

याहून सोपी तपासणी फोक्सवॅगन पोलो जीटीआयची. २०१६ च्या अखेरीस ती भारतात आली, १.८ लिटरचं इंजिन आणि १९२ पीएस घेऊन, आणि आली ती तीन दारांची. आपल्याकडची बाकीची प्रत्येक पोलो पाच दारांची आहे. त्यामुळे पोलो जीटीआय म्हणून कोणी गाडी दाखवली आणि मागच्या सीटवर बसायला स्वतंत्र दार असेल, तर चहा पिऊन घरी यायचं. गंमत म्हणजे आपल्याकडे जीटी टीएसआय नावाची पोलोही विकली गेली, आणि तिच्या व जीटीआयच्या बिल्ल्यात फरक फक्त एका 'आय'चा आहे. तो आय चिकटवायला फार कष्ट पडत नाहीत.

सीसी जिथे गप्प बसतो

एवढ्यावर सगळं भागलं असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. काही गाड्यांत सीसी काहीच सांगत नाही, आणि त्यातली एक आपल्या घरचीच आहे. फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये अबार्थ पुंटो, म्हणजे पुंटोची जोरकस आवृत्ती, बाहेर पडली. १.४ लिटर टर्बो, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि किंमत एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत. त्या पैशात एवढी ताकद त्या काळी कोणी देत नव्हतं. आता फियाटच इथून गेली, तेव्हा या गाडीला मागणी आहे आणि भावही.

तिचा सीसी १३६८. आणि साध्या पुंटोच्या १.४ पेट्रोल इंजिनाचा सीसी? तोही १३६८. ब्लॉकचं घराणं एक आहे. फरक टर्बोचा, आतल्या भागांचा आणि ताकदीचा. ती साध्या गाडीत जेमतेम ९०. आरसीतला आकडा बघून खूश झालेला माणूस इथे फसतो.

मग पुढची खूण: मागचे ब्रेक. साध्या पुंटोला मागे ड्रम असतात, अबार्थला डिस्क. चाकाच्या आऱ्यांतून टॉर्च मारून बघा. पण इथेही एक वाट आहे. लिनिया टी-जेट नावाच्या सेदानमध्ये हेच १.४ टर्बो होतं, थोड्या कमी ताकदीचं, आणि मागे डिस्कही होते. म्हणजे ठोकलेल्या लिनियाचे भाग घेऊन हुशार गॅरेजवाला साध्या पुंटोची बऱ्यापैकी अबार्थ करू शकतो. ती गाडी चालवायला मजेशीरही असेल. पण ती अबार्थ नाही, आणि तिच्या आरसीवरचा इंजिन नंबर बॉनेटखालच्या इंजिनाशी जुळणार नाही.

स्कोडाच्याच लॉरा आरएसची तर आणखी निराळी गोष्ट. भारतात आलेल्या त्या आरएसमध्ये १.८ टीएसआय इंजिन होतं, १६० पीएसचं, तेच जे साध्या लॉराच्या पेट्रोल गाडीतही मिळायचं. म्हणजे सीसी जुळतो, ताकद जुळते, फरक उरतो साजाचा. तिला खरी-खोटी ठरवायला कंपनीने गाडीसोबत दिलेली ओळखच लागते.

इथे एक इशारा. इंटरनेटवर युरोपातले आकडे बघून इथल्या गाडीला खोटी ठरवू नका. २००४ च्या सुमारास भारतात आलेल्या पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसची ताकद १५० होती. युरोपात त्याच नावाची गाडी १८० ची होती. इथली १५० ची गाडी अस्सल आहे, फक्त ती इथली आहे. तुलना नेहमी भारतात विकल्या गेलेल्या गाडीशी करायची.

सतरा अक्षरं

कंपनीने दिलेली ओळख म्हणजे चेसिस नंबर, ज्याला हल्ली सगळे व्हीआयएन म्हणतात. सतरा अक्षरं-अंकांची ही माळ. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं तिच्यात कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. पहिली तीन अक्षरं बनवणारा सांगतात. भारतातल्या बहुतेक गाड्यांचा नंबर 'एमए' ते 'एमई' यांपैकी एकाने सुरू होतो. टाटांच्या गाड्यांवर 'एमएटी', मारुतीच्या गाड्यांवर 'एमए३' दिसेल. चेक प्रजासत्ताकातल्या स्कोडाचं 'टीएमबी'.

बीएमडब्ल्यूच्या बाबतीत ही तीन अक्षरं सोन्याची आहेत. साध्या बीएमडब्ल्यू सेदानचा नंबर डब्ल्यूबीए ने सुरू होतो, पण एम विभागाने बांधलेल्या खऱ्या एम ३, एम ५ सारख्या गाड्यांचा डब्ल्यूबीएस ने. डिकीवर एम ३ लिहिलंय आणि काचेखाली डब्ल्यूबीए दिसतंय, तर डिकी खोटं बोलतेय. मात्र एम ३४० आय सारखी गाडी एम विभागाची पूर्ण गाडी नाही, ती साध्या तीन मालिकेची तिखट आवृत्ती आहे, तिच्या नंबरात डब्ल्यूबीएस नसणं हा दोष नव्हे.

मर्सिडीजवाले एएमजीच्या, म्हणजे मर्सिडीजच्या जोरकस गाड्यांच्या, इंजिनावरची सहीची पट्टी विचारतात. एका कारागिराने एक इंजिन बांधायचं आणि त्यावर आपली सही असलेली पट्टी लावायची, ही एएमजीची रीत. पण ती सगळ्या एएमजींना लागू नाही. चाकणला २०२० मध्ये जोडायला घेतलेल्या जीएलसी ४३ कूपेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर ती पट्टी नसते, आणि तरी गाडी अस्सल असते.

दहावं अक्षर बऱ्याच कंपन्या मॉडेल वर्षासाठी वापरतात: जी म्हणजे २०१६, एच २०१७, जे २०१८, के २०१९, एल २०२०. आय वगळलेला आहे म्हणून एच नंतर थेट जे. सगळ्याच कंपन्या हा नियम पाळत नाहीत, त्यामुळे या एका अक्षरावर भांडण काढू नका. मॉडेल वर्ष आणि नोंदणीचं वर्ष यांत थोडा फरक असणंही चालतं. पाच वर्षांचा फरक असेल तर प्रश्न विचारा.

नंबर एकाच ठिकाणी वाचून थांबू नका. विंडस्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर, बॉनेटखाली पत्र्यात ठोकलेला, आरसीवर, विम्याच्या कागदावर, आणि स्कॅनर लावला की इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये. सगळीकडे सतराच्या सतरा अक्षरं जुळली पाहिजेत. स्टिकर छापता येतो, कागद बनवता येतो. पत्र्यात ठोकलेला नंबर बदलायचा तर घासावं लागतं, आणि घासलेलं बोटाला कळतं. अक्षरांच्या आजूबाजूचा पत्रा चपटा, चकचकीत, ताज्या रंगाचा वाटला, किंवा एखादं अक्षर बाकीच्यांपेक्षा तिरकं किंवा खोल असलं, तर प्रश्न आरएस आहे की नाही एवढा राहत नाही. गाडी चोरीची तर नाही ना, हा होतो.

फोक्सवॅगन आणि स्कोडात याशिवाय एक सुरेख गोष्ट असते. डिकीत स्टेपनीच्या खोबणीजवळ आणि सर्व्हिस बुकात एक कागदी स्टिकर असतो, बारीक अक्षरांचा. त्यावर चेसिस नंबर, इंजिन आणि गिअरबॉक्सचे कोड, रंगाचा कोड आणि कारखान्यात बसवलेल्या प्रत्येक गोष्टीचे तीन अक्षरी कोड. गाडीची कुंडलीच म्हणा. लॉरा आरएससारख्या प्रकरणात हाच स्टिकर निकाल देतो. त्याचा स्पष्ट फोटो घ्या आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबर देऊन ही गाडी कोणती म्हणून निघाली होती ते विचारा. स्टिकर खरवडून काढलेला असेल, तर का काढला हे मालकाला विचारा. "जुनी गाडी आहे साहेब, निघून गेला असेल" हे उत्तर मी दोनदा ऐकलंय. दोन्ही गाड्या मी सोडल्या.

अस्सल आहे, पण शाबूत आहे का?

खरी आरएस सापडली म्हणून ती चांगली आरएस झाली असं नाही. अशा गाड्या हळू चालवायला कोणी घेत नाही. त्यात रिमॅप हा प्रकार. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवायची, दोन वर्षं दामटायची आणि विकायच्या आधी परत कंपनीचा प्रोग्रॅम टाकून "एकदम स्टॉक आहे" म्हणायचं. हौशी मंडळी याला स्टेज वन, स्टेज टू म्हणतात. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये प्रोग्रॅम किती वेळा लिहिला गेला याचा आकडा राहतो. जाणकार माणूस योग्य स्कॅनर लावून तो वाचू शकतो. डीएसजी असेल तर सहा गिअरच्या ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या, क्लचच्या डब्याचं तेल साठ हजार किलोमीटरला बदलायचं असतं, ते बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल, तर तो खर्च भावातून वजा करा.

मीटर मागे फिरवणं ही जुनी कला आहे, फक्त आता ती लॅपटॉपवर होते. पण किलोमीटरचा आकडा हल्ली मीटरशिवाय इतरही कॉम्प्युटरांत साठलेला असतो, कित्येक बीएमडब्ल्यूंच्या तर किल्लीतसुद्धा. मीटर चाळीस हजार आणि गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर नव्वद हजार म्हणत असेल तर गिअरबॉक्सवर विश्वास ठेवा. स्कॅनर नसेल तर टायर बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१८ च्या गाडीवर "एवढीच चालली हो" म्हणताना टायर २०२३ चे असतील, तर आधीचे टायर कुठे झिजले?

ठोकलेली गाडी ओळखायला रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. पुट्टी भरली की आकडा पाचशेच्या वर उडी मारतो. एखादं दार किंवा बंपर परत रंगवलेला असणं हे पुण्या-मुंबईच्या पार्किंगमध्ये चालायचंच. पण छत, पिलर आणि बॉनेटखालचे एप्रन यांवर रंग किंवा वेल्डिंग दिसलं, तर ती गाडी आतून जोडलेली आहे.

आणि पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्येच चिपळूण. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या लिलावात जातात, धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात उगवतात. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण बाद धरते. ती भंगारात जायला हवी, पण नेहमी जात नाही. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. वरचा भाग स्वच्छ आणि शेवटचा हातभर मातकट असेल तर गाडी बुडालेली आहे. सीटचे रूळ गंजलेत का, गालिच्याखालचा फोम कडक झालाय का, तेही बघा. कुबट वास लपवायला लावलेला जबरदस्त परफ्यूम हीसुद्धा एक खूण आहे.

विम्याच्या कागदातही माहिती दडलेली असते. क्लेम न करता वर्षं गेली की नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांवर जातो. पहिल्याच मालकाकडे असलेल्या सहा वर्षांच्या गाडीवर बोनस शून्य दिसला, तर अलीकडे काहीतरी घडलंय. मालक बदलला की हा बोनस नव्याने सुरू होतो, त्यामुळे सेकंड ओनरच्या गाडीत हा पुरावा कच्चा.

कागद, आणि लांबून आलेल्या गाड्या

कर्जावरची गाडी असेल तर बँकेचा बोजा आरसीवर असतो. तो उतरवल्याशिवाय, म्हणजे फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय, पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. पुदुच्चेरी किंवा झारखंडच्या पासिंगची महागडी गाडी स्वस्त वाटते. महाराष्ट्रात आणून इथला रोड टॅक्स भरला की तेवढी स्वस्त राहत नाही.

ढोबळ बदल केलेल्या गाड्यांबाबत कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी बदलता येत नाही. इंजिन बदललेलं असेल तर त्याची आरटीओकडे रीतसर नोंद लागते.

आयात केलेल्या गाड्यांत तर दोनदा विचार करा. जुनी गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, उजव्या हाताचं स्टिअरिंग लागतं. मग पंचवीस वर्षं जुनी निसान स्कायलाइन इथे आली कशी, हा पहिला प्रश्न, आणि ती जीटी-आर, म्हणजे स्कायलाइनची सगळ्यात जोरकस आवृत्ती, आहे का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर निदान चेसिसवर आहे: आर ३४ जीटी-आरचा कोड बीएनआर ३४, जीटी-टीचा ईआर ३४. पहिल्याच्या उत्तरासाठी कस्टम्सचे मूळ कागद लागतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' नावाने छापे घातले, ते भूतानमार्गे आणून इथे नोंदवलेल्या महागड्या गाड्यांच्या संशयावरून. अशा गाड्या जप्त होतात तेव्हा त्या अधिकाऱ्यांना शेवटच्या मालकाच्या दारातच सापडतात.

बघायला जाताना सांगून जा की इंजिन थंड हवं, लिफ्टवर चढवून बघणार, स्कॅनर लावणार. ज्याची गाडी सरळ आहे तो कुरकुरेल, पण नाही म्हणणार नाही.

मामेभावाने मालकाला पुन्हा फोन केला, १.८ टीएसआयचा भाव सांगितला आणि त्या भावात घेतो म्हणाला. मालकाने फोन ठेवला. पंधरा दिवसांनी तीच पांढरी गाडी परत जाहिरातीत दिसली. आता वर लिहिलंय 'ऑक्टाव्हिया आरएस लुक'. भाव तोच आहे.